कालपासून ताप

आमच्या सरांचा कुणावरही विश्वास नव्हता. हे मी रागानंच लिहिते आहे, पण खोटं लिहीत नाही. मंचरला बाजारपेठेत, एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर त्यांची रक्त-लघवी तपासायची लॅब होती. तिथं मी अकरा वर्षं काम केलं. काउंटरवर बसून नाव-गाव लिहायचं, दंडाला पट्टा बांधून शीर शोधायची, रक्त काढायचं, ही माझी कामं. काचपट्टी मायक्रोस्कोपखाली धरून बघायचं काम त्यांचं. डिप्लोमा माझ्याकडंही होता, पण त्या स्टुलावर त्यांनी मला कधी बसू दिलं नाही. ‘तुमचा हात चांगला हाय ताई, डोळ्याचं मला बघू द्या,’ म्हणायचे. ती स्तुती आहे असं समजून मी अकरा वर्षं काढली.

जिना चढून वर आलं की समोरच एक पुठ्ठा टांगलेला असायचा. त्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं: ‘उपाशीपोटी बोलावलं असताना खाऊन आला असाल तर सांगा. नाही सांगितलं तरी कळतं.’ आणि खरंच कळायचं. एकदा एक जाडजूड पाहुणे साखर तपासायला आले. छातीवर हात ठेवून म्हणाले, “पाण्याचा थेंब घेतला न्हाई, भाऊ.” नळी मशीनमध्ये फिरवल्यावर रक्तावरचं पाणी दुधासारखं पांढरं निघालं. सर ती नळी हातात धरून बाहेर आले आणि सगळ्या रांगेसमोर उभे राहिले.

“पावणं, यात्रा कुठल्या गावची व्हती?”

“का वं?”

“न्हाई, रस्सा अजून तरंगतोय. म्हणून इचारलं.”

रांग खो खो हसली. ते पाहुणे पुन्हा कधी जिना चढले नाहीत. सरांना त्याची फिकीर नव्हती. गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल, पण आपल्याला कुणी बनवलं नाही, याचाच त्यांना आनंद. घरी जाताना ती गोष्ट खालच्या औषधवाल्याला सांगायचे, चहावाल्याला सांगायचे, आणि दुसऱ्या दिवशी मलाच नव्यानं सांगायचे.

सरांचे वडील मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचा, पाऊस जवळ आला की परत वर यायचं, यात सरांचं लहानपण गेलं. शाळा त्यातूनच कशीबशी झाली. वडील मेंढराची खालची पापणी ओढून बघायचे आणि सांगायचे, हे टिकेल, हे घाट चढायचं नाही. ती खोड सरांच्या बोटांत उतरली होती. रांगेतल्या कुणाचीही पापणी ते न विचारता ओढायचे. बाई असो, बुवा असो, नुसती लघवी तपासायला आलेला असो. एकदा कुठल्याशा कचेरीतले एक साहेब पत्ता विचारायला वर आले, तर त्यांचीही ओढली आणि म्हणाले, “पालेभाजी खात जा.” साहेब पत्ता न विचारताच खाली उतरले.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजतानाही त्यांची भाषा तीच. त्यातल्या मोठ्या, पोटात तुकडे तुकडे असलेल्या पेशी म्हणजे मेंढ्या. लहान, गोल, गच्च भरलेल्या पेशी म्हणजे कोकरं. शंभर मोजायच्या आणि त्यात मेंढ्या किती, कोकरं किती, ते लिहायचं. पुस्तकातली लांबलचक नावं मला पाठ होती, पण दोन महिन्यांत मीही कोकरंच म्हणायला लागले. पुढं मोजणीचं मशीन आलं. मिनिटात आकडे कागदावर. सरांनी त्या मशीनवर घरून आणलेला विणलेला रुमाल टाकला, रोज सकाळी उदबत्ती ओवाळली, आणि त्याच्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवला नाही. मशीनचा कागद बाजूला ठेवून प्रत्येकाची काचपट्टी स्वतः बघायचे. जे दिसेल ते दोनशे पानी शाळेच्या वहीत शिसपेन्सिलीनं लिहायचे. वही त्यांच्या ड्रॉवरमध्ये असायची. तिला कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता.

पेशंट जायला निघाला की आपण सवयीनं ‘या’ म्हणतो. सर म्हणायचे, “येऊ नका.” नव्या माणसाला धक्का बसायचा. जुनी माणसं हसून “न्हाई येत, भाऊ,” म्हणत जिना उतरायची.

असं सगळं चाललं होतं. विक्षिप्त माणूस, पण तालुक्याच्या गावात अशी चार माणसं असतातच, आणि लोक त्यांना सांभाळून घेतात. मग करोना आला.

पहिल्या वर्षी आमच्याकडं त्या आजारापेक्षा पत्र्यांची भीती जास्त होती. एखाद्या घरात ताप आहे असं कळलं की गल्लीला पत्रे लागायचे. डेअरीवाला त्या घरचं दूध घ्यायचा नाही. वाणी सामानाची पिशवी लांबूनच ठेवून पळायचा. त्यामुळे कुणालाच जुना ताप नसायचा. सरकारी फॉर्मवर आणि आमच्या कागदावर एक रकाना होता, ताप कधीपासून. मी विचारायची, आणि माणूस खोकत खोकत म्हणायचा, “कालपासून.” म्हातारे, तरणे, गुरुजी, माळकरी, सगळे कालपासून. मी रकान्यात दिवस दुसरा असं लिहून कागद आत सरकवायची.

आता हा दिवस का महत्त्वाचा, ते सांगायला हवं. त्या आजारात पहिले चार-पाच दिवस रक्त साळसूद दिसायचं. सहाव्या-सातव्या दिवसाच्या आसपास ज्याचं बिघडायचं त्याचं बिघडायला लागायचं. अंगातली सूज दाखवणारा सीआरपी वर चढायचा, रक्तात गुठळ्या होतायत का ते सांगणारा डी-डायमर वाढायचा, आणि सरांची कोकरं भराभर कमी व्हायची. शंभरात तीस असतील तर ठीक, पंधराच्या खाली आली की सर ओठ आत ओढायचे. सातव्या दिवशी रक्त चांगलं असेल तर माणूस बहुतेक तरला. पण तेच रक्त तिसऱ्या दिवशी चांगलं असेल, तर त्यातून काहीच कळत नाही. परत तीन दिवसांनी काढावंच लागतं. म्हणजे आकडा कितीही खरा असला, तरी तो कितव्या दिवसाचा हे खोटं असेल तर सगळंच खोटं.

सरांच्या हे पहिल्यांदा लक्षात आलं ते आहुप्याकडच्या एका म्हाताऱ्यामुळे. म्हातारा म्हणाला कालपासून, आणि कोकरं सापडली नऊ. सर काउंटरवर आले. म्हाताऱ्याला काही विचारलं नाही. पदर तोंडावर धरून कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला विचारलं, “मावशी, ह्ये शेवटचं पोटभर कधी जेवले?”

मावशीला त्यात काही डाव दिसला नाही. “सोमवारी जेवले बघा. सुकट केली व्हती. मंगळवारपासून भाकरी टाकत्यात.”

तो दिवस रविवार होता. म्हणजे ताप मंगळवारचा, आणि आजचा दिवस सहावा. त्यानंतर सर रोज रांगेतल्या बायकांना जेवणाचं विचारायला लागले. पुरुष दिवस लपवायचे, पण भाकरी कुणी टाकली हे बाई विसरत नाही. पंधरा दिवसांत त्यांचा हिशोब पक्का झाला. मला म्हणाले, “ताई, आपल्या भागात काल चार दिवसांचा असतो. तुमी त्ये सांगत्यात त्ये लिहा. मी आत चार मिळवतो.”

आणि त्यांनी मिळवले. मी दोन लिहून द्यायची, ते सहा धरायचे. मी तीन लिहिले की सात. डॉक्टरांशी फोनवर बोलताना तोच दिवस सांगायचे. यानं माणसं वाचली, हे मी नाकारत नाही. अवसरी खुर्दला कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये काम करणारा एक जण हसत हसत आला. ताप कालपासून, खोकला नाही, काही नाही. आकडे अगदीच वाईट नव्हते. कालच्या तापाला एवढं चालतंय, असं कुणीही म्हटलं असतं. सरांनी सहावा दिवस धरला आणि डॉक्टरांना सांगितलं, “ह्यो चढणीवर हाय, आत्ताच आत घ्या.” दुसऱ्या दिवशी त्याला ऑक्सिजन लागला. दोन आठवड्यांनी तो घरी आला, तेव्हा त्याची बायको पेढे घेऊन आली आणि जिन्यातच सरांच्या पाया पडली. सरांनी पेढा घेतला नाही. “खरं बोलला असता तर माझी गरज लागली नसती,” म्हणाले. ती बिचारी ओशाळली.

हळूहळू सरांचं नाव झालं. ‘लॅबवाले भाऊ रक्त बघून सांगत्यात, माणूस राहतो का जातो.’ डेअरीवर जशी दुधाची फॅट विचारतात, तसे लोक पारावर एकमेकांचे सीआरपी विचारायचे. डॉक्टरही दमलेले होते. एक बेड आणि दारात तिघं, अशा वेळी त्यांचा फोन यायचा, “भाऊ, तुम्हाला काय वाटतं?” आणि सर आवाज खाली आणून सांगायचे. पूर्वी फोन आला की मला उचलायला सांगायचे, आता स्वतः उचलायचे. कुणी गाडी करून नुसतं विचारायला यायचं. त्यांना त्याची चटक लागली, असं मला तेव्हाच वाटलं होतं. पण तेव्हा मला त्यांचा अभिमानही होता. सासरी मी सांगायची, आमचे सर चुकत नाहीत.

माझं माहेर निमगाव सावा. वडील गेल्यावर थोरला भाऊ, आमचा दादा, हाच माझं माहेर. मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या पंपाच्या मोटारीला नवी तार गुंडाळायचं त्याचं दुकान होतं. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात सकाळी पंचशील म्हटल्याशिवाय चहा होत नाही. इतर चार शीलं दादा कशी पाळायचा ते मला माहीत नाही, पण चौथं, खोटं न बोलायचं, त्यानं इतकं मनावर घेतलं होतं की वहिनी कावून जायची. मोटार भरून अमक्या दिवशी मिळेल का, असं कुणी विचारलं तर सरळ ‘नाय मिळणार’ म्हणायचा. गिऱ्हाईक दुसरीकडं जायचं. वहिनी म्हणायची, “जरा बघतो म्हणायला काय जीभ झडती का?” तो म्हणायचा, “बघणार नसताना बघतो कसं म्हणू?”

दुसऱ्या लाटेत, ऐन उन्हाळ्यात, तो एकटा मोटारसायकलवर लॅबमध्ये आला. माझ्यापासून लांब उभा राहिला. तपासणीचा निकाल त्याच्या खिशात होता, करोना होताच.

“कधीपासून?” मी विचारलं.

“परवा साडेपाचला. इहिरीवर मोटार उतरवत व्हतो, तवा थंडी वाजली. आज तिसरा दिस.”

त्यानं वेळसुद्धा सांगितली. मी त्याचा हात धरला, शीर शोधली, रक्त काढलं. रकान्यात तीन लिहिले. एका सेंटरमध्ये त्याच्या ओळखीच्या माणसानं एक बेड संध्याकाळपर्यंत धरून ठेवला होता. त्या दिवसांत बेड म्हणजे काय चीज होती, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. दादा म्हणाला, “तुझ्या सरांना इचार. गरज आसंल तर जातो, नसंल तर सोडतो. उगाच दुसऱ्याची जागा कशाला अडवायची?”

सर पाऊण तासानं बाहेर आले. चेहरा मोकळा होता. “ताई, कोकरं एकतीस हायेत. सीआरपी बी काही न्हाई. बेड सोडा, घरी जाऊ द्या त्यांना. पावणं, येऊ नका.”

दादा हसला. “न्हाई येत,” म्हणाला. तिथंच फोन लावून त्यानं बेड सोडला.

तुम्ही म्हणाल, बाई, तू अकरा वर्षं त्या लॅबमध्ये होतीस, तिसऱ्या दिवसाच्या चांगल्या रक्ताला अर्थ नसतो हे तुला ठाऊक नव्हतं? होतं. अगदी चांगलं ठाऊक होतं. पण मला वाटलं, तीन लिहिलेले वाचूनही सर घरी पाठवतायत, म्हणजे त्यांना त्या काचेत आणखी काही तरी दिसलं असणार. ते दिसणं मला कधी शिकवलंच नव्हतं. आणि ते चार मिळवतात हे मला माहीत होतं, पण माझ्या दादाला, माझ्या हातानं लिहिलेल्या आकड्याला ते मिळवतील, असं मनातसुद्धा आलं नाही. ‘सर, हे तीन खरे आहेत,’ एवढं मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. इतक्या वर्षांच्या सोबतीत ते वेगळं सांगावं लागतं, हे मला सुचलं नाही.

सहाव्या दिवशी दादाला दम लागायला लागला. पण लॅबवाल्या भाऊंनी रक्त बघून सांगितलंय, या भरवशावर तो आणखी दोन दिवस घरात निजून राहिला. वहिनी म्हणत होती चला, तो म्हणत होता, “सरांनी सांगितलंय न्हवं?” आठव्या दिवशी तिनं त्याला शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये घातला आणि मंचरला आणला. मी खाली गाडीतच त्याचं रक्त काढलं. शीर सापडत नव्हती. कोकरं पाच होती. ते सरांनी मला सांगितलं नाही, मी त्यांच्या पाठीमागं उभी राहून त्यांना बोटांवर मोजताना पाहिलं. ते पुन्हा पुन्हा पहिल्यापासून मोजत होते. मग त्यांनी स्वतः फोन लावले, एकामागून एक, सगळ्या डॉक्टरांना. कुठं बेड नव्हता. राजगुरुनगरच्या पुढं कुठं तरी एक मिळाला, तोवर दिवस गेला होता. तिसऱ्या दिवशी दादा गेला. आम्हाला त्याचा चेहरा दाखवला नाही.

दादाच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर मी कामावर परत गेले. सर खाली गाडीतल्या एका पेशंटचं रक्त काढायला गेले होते. मी त्यांचा ड्रॉवर उघडला आणि ती वही काढली. दादाचं नाव सापडलं. कोकरं एकतीस, मेंढ्या साठ. आणि पुढं शिसपेन्सिलीनं: दिवस सात.

सर वर आले तेव्हा वही माझ्या हातात होती.

“सर, हे सात कुणी लिहिले?”

“मी.”

“मी तीन लिहून दिले होते.”

“समदेच तीन म्हणत्यात, ताई.”

“सगळे नाही. तो माझा भाऊ होता. त्याच्या जन्मात तो खोटं बोलला नाही. आणि लिहिलं होतं मी. माझ्या आकड्यातसुद्धा चार मिळवले तुम्ही? अकरा वर्षं इथं राबले मी! एकदा हाक मारून विचारलं असतं, ताई, हे खरे का? एवढंच विचारायचं होतं!”

मी ओरडत होते. रांगेतली माणसं आत डोकावत होती. मला वाटलं होतं ते काही तरी बोलतील, चुकलो म्हणतील, निदान खाली बसतील. त्यांनी माझ्या हातातून वही घेतली. अंगठ्याला थुंकी लावून मागची पानं उलटत गेले. पहिल्या वर्षाच्या पानांवर आले, एका पानावर थांबले, आणि वही टेबलावर माझ्यासमोर ठेवून एका ओळीवर बोट टेकवलं.

माझ्या सासऱ्यांचं नाव होतं.

इथवर मी जे सांगितलं नाही, ते आता सांगते. पहिल्या वर्षी सासऱ्यांना ताप आला. आमची पिठाची गिरणी आहे. ताप कळला असता तर गिरणीला पत्रे लागले असते, नवरा म्हणाला थोडं थांबू, उतरेल. उतरला नाही. सहाव्या दिवशी मी त्यांना लॅबमध्ये आणलं आणि रकान्यात माझ्या हातानं दिवस दुसरा लिहिला. मला तसं कुणी सांगितलं नाही, जबरदस्ती केली नाही. इतर सगळे लिहितात तसंच मीही लिहिलं. सासूबाई बरोबर होत्या. सर बाहेर येऊन त्यांच्याशी दोन शब्द बोलले होते, जेवणखाण विचारलं होतं, एवढं मला आठवतं. मी तेव्हा रक्त काढण्यात होते.

वहीत त्या ओळीपुढं लिहिलं होतं, दिवस सहा. त्याच दिवशी त्यांनी डॉक्टरांना सांगून सासऱ्यांना दाखल केलं होतं. माझं खोटं त्यांना कळलं होतं, पण मला ते कधीच बोलून दाखवलं नाही. सासरे वाचले. आता ऐंशीच्या घरात आहेत, सकाळी ओट्यावर बसतात, चहात साखर कमी पडली म्हणून माझ्यावर ओरडतात.

“त्या टायमाला बी तुमीच लिहिलं व्हतं,” सर एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं.

मी पर्स उचलली आणि जिना उतरले. पुन्हा वर गेले नाही.

दादाचं कसं झालं असं वहिनीनं विचारलं, तेव्हा मी सांगितलं की सरांनी दिवस चुकीचा धरला. यात खोटं काही नाही. वहिनीनं ते गावात सांगितलं, गावानं दुसऱ्या गावांना सांगितलं. लॅबवाल्या भाऊनं जिवंत माणसाचा बेड सोडायला लावला, असं झालं. जे लोक गाड्या करून विचारायला यायचे, तेच जिन्याखाली उभे राहून शिव्या देऊन गेले. सरांनी कुणाला काही खुलासा केला नाही. वही दाखवली असती तर निम्मा दोष माझ्या दारात आला असता. वर्षभरात त्यांनी लॅब दुसऱ्याला देऊन टाकली.

मागच्या पावसाळ्यात ते मला मंचरच्या स्टँडवर दिसले. खूप वाळले होते. मी तोंड फिरवणार होते, पण तेच जवळ आले.

“वैनी कशा हायेत?” त्यांनी विचारलं. माझी नाही, वहिनीची चौकशी.

“बऱ्या आहेत.”

“तुमी त्यांना सासऱ्यांचं सांगितलं न्हाई.”

“नाही.”

“नका सांगू. तुमाला त्या घरी जायचं असतं. मला कुठं जायचंय?” एवढं बोलून ते गाडीकडं वळले. मी त्यांना थांबवलं नाही.

मी आता दुसऱ्या लॅबमध्ये काम करते. तिथं मायक्रोस्कोपवर मीच बसते. डेंग्यूचे दिवस आले की पेशी मोजते, आणि काउंटरवरची मुलगी विचारते तेव्हा लोक अजूनही सांगतात, कालपासून. दादाच्या स्मृतिदिनाला निमगावला जाते. फोटोला हार घालून झाला की वहिनी माझ्याजवळ येऊन बसते आणि दरवर्षी तेच म्हणते, “त्या माणसानं मारलं बघा माझ्या मालकाला. त्याला आपल्या घरच्या माणसाचं खरं बी खोटं वाटलं.”

मी दादाच्या फोटोकडं बघत नाही. वहिनीचा हात हातात घेते आणि म्हणते, “हो वहिनी, त्यांनीच मारलं.”